नाव करार, व्यवहार सट्ट्याचा

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यावरील ‘प्रेडिक्शन मार्केट’विषयीचा लेख वाचला. त्यात या व्यवहाराला गुंतवणूक म्हटले आहे, ते पटले नाही. साठ सेंटला एखाद्या संघाच्या विजयाचा ‘करार’ घ्यायचा. संघ जिंकला तर एक डॉलर, हरला तर शून्य. आपल्याकडे याला सट्टा म्हणतात. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर क्रीडासट्ट्याचा निर्णय राज्यांकडे गेला. टेक्सासने त्याला परवानगी दिलेली नाही. तरीही २०२५ चा फ्लोरिडा-ह्युस्टन अंतिम सामना, तोही टेक्सासमधल्याच सॅन अँटोनियोत झालेला, ‘काल्शी’ या प्रेडिक्शन मार्केटवर तिथेही खुला होता, कारण ‘करार’ म्हटले की विषय राज्याकडून केंद्रीय वायदेबाजार नियामकाकडे जातो. बहुतेक राज्यांत सट्ट्यासाठी वयाची एकविशी लागते, इथे अठरा वर्षे पुरतात. म्हणजे खेळाडूंचे वर्गमित्रच गिऱ्हाईक!

– एक वाचक, ठाणे