नाईटच्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

डॉक्टरांचे आभार आम्ही डिस्चार्ज मिळाला तेव्हाच मानले. तुमची नाईट संपून तुम्ही घरी गेला होतात, म्हणून तुम्हाला हे पत्र, तेही सगळ्यांदेखत.

जांघेतल्या धमनीतून फुगा नेऊन बाळाच्या महाधमनीची अरुंद झडप उघडली. आम्ही त्याच आनंदात होतो. तुम्ही मात्र दर फेरीला पांघरूण सारून दोन्ही पावलं हातात धरून बघायचात. त्या रात्री उजवं पाऊल गार लागलं. अंगठा दाबून सोडला तर पांढराच राहिला. तुम्ही रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं डॉप्लर यंत्र लावलंत. डावीकडे फुस्स फुस्स, उजवीकडे काहीच नाही. लगेच डॉक्टरांना फोन.

फुगा नेलेल्या उजव्या जांघेतल्या धमनीत रक्ताची गुठळी झाली होती. तान्ह्या बाळाची ती धमनी जाड शेवईएवढी. उघडून शिवली तरी पुन्हा बंद पडायची भीती, म्हणून डॉक्टरांनी आधी हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध लावलं. ते गुठळी विरघळवत नाही, वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर हळूहळू करतं, हे आम्हाला तुम्हीच समजावलंत. वजनावर डोस आणि सारखी रक्ततपासणी. इवल्याशा हातातून रक्त काढताना बाळाआधी तुमचाच चेहरा रडवेला व्हायचा! गुठळी फोडणारं औषध हाताशी होतं, पण त्यात मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका, म्हणून डोक्याची सोनोग्राफीही करून ठेवली. ती वेळ आली नाही.

सासूबाई गार पाय शेकायला निघाल्या, तेव्हा तुम्ही त्यांना कसं अडवलंत! रक्त न पोचलेली कातडी चटकन भाजते म्हणालात आणि उलट डावा पाय कापसात गुंडाळलात. एका पायाला ऊब मिळाली की दुसऱ्याच्याही रक्तवाहिन्या सैलावतात म्हणे. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही, पण तुमचं नाव निघालं की वाद घालत नाहीत.

गुठळी वाढू न देणाऱ्या औषधाच्या, घरी द्यायच्या इंजेक्शनांसाठी बाळाच्या बाबांना तुम्ही मोसंब्यावर सराव करायला लावलात. इन्सुलिनची बारीक सिरिंज, सकाळ-संध्याकाळ, डाव्या मांडीत. हात थरथरायचा त्यांचा, पण चुकले नाहीत.

आता उजव्या पावलाची नाडी बोटाला लागते. दोन्ही पाय सारखे वाढतायत ना, हे डॉक्टर पुढेही मोजत राहणार आहेत. पुढच्या तपासणीला येताना आई डिंकाचे लाडू देणार आहे. डाएट वगैरे सांगू नका, डबा ठेवून घ्या.

तुमची,
बाळाची आई