एकट्याच्या उड्डाणाआधी

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

बारामतीहून आलेले तुझे पत्र वाचून फार आनंद झाला. व्यावसायिक परवान्याच्या २०० तासांपैकी १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःवर घेऊन, उडायचे असतात, त्यामुळे शेजारची खुर्ची रिकामी असताना काही बिघडले तर काय करायचे, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. 'घाबरू नकोस' एवढे लिहून मी त्यातून सुटका करून घेणार नाही.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. क्रॉस-कंट्रीवरून, म्हणजे लांबच्या उड्डाणावरून, सेस्ना १७२ हे छोटे विमान घेऊन एकटा परतत असताना लो व्होल्टेजचा, म्हणजे वीज कमी पडत असल्याचा, लाल दिवा लागला. अशा वेळी मन आधी इंजिनाकडे धावते. पण इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोंकडून येते आणि मॅग्नेटो इंजिनाच्याच फिरण्यावर चालतात, त्यांना बॅटरी लागत नाही. वेग आणि उंची दाखवणारे काटे हवेच्या दाबावर चालतात. म्हणजे वीज तयार करणारा अल्टरनेटर गेला तर बॅटरी संपल्यावर जाणार ते रेडिओ, रडारला विमानाची ओळख कळवणारा ट्रान्सपॉन्डर, इंधनाचे काटे आणि फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली करायच्या पंखांमागच्या झडपा. कशाचा आधार कशावर आहे हे ठाऊक असल्यामुळे माझी भीती तेवढ्यापुरतीच राहिली. चेकलिस्टप्रमाणे अल्टरनेटरचा स्विच बंद करून पुन्हा चालू केला, सर्किट ब्रेकर पाहिला. दिवा गेला नाही, तेव्हा टॉवरला कळवून नको ती उपकरणे बंद केली आणि उरलेली वीज शेवटच्या बोलण्यासाठी राखली. फ्लॅप न वापरता उतरलो. अशा वेळी अ‍ॅप्रोचचा, म्हणजे धावपट्टीकडे येतानाचा, वेग जास्त लागतो आणि धावपट्टीही जास्त खर्ची पडते, एवढे मात्र आधीपासून धरून चाल.

रेडिओ पूर्णच गेला तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा संकेत लाव आणि टॉवर असलेल्या विमानतळावर टॉवरमधून दाखवल्या जाणाऱ्या दिव्याकडे लक्ष ठेव. स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरण्याची परवानगी.

दार उघडले तर मात्र काहीच करू नकोस, निदान लगेच तरी नाही. आवाज भयंकर होतो, पण वाऱ्याचा झोतच सेस्नाचे दार फार उघडू देत नाही आणि विमान उडतच राहते. अशा प्रसंगी अपघात होतात ते दार ओढून घेण्याच्या धडपडीत वेगाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे, आणि मला हे सर्वांत वाईट वाटते, कारण ते टाळता येण्याजोगे असतात.

आता तुझ्या सेस्ना १५२ विषयी. तिला हवा आणि इंधन मिसळणारा कार्ब्युरेटर आहे, आणि हवा दमट असेल तर बाहेर २० अंश तापमान असतानाही त्यात बर्फ धरू शकतो, विशेषतः पॉवर कमी करून खाली येताना. इंजिन खडखडू लागले की कार्ब हीटची, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी, मूठ पूर्ण बाहेर ओढ. बर्फ वितळून पाणी आत जाते तेव्हा खडखड आणखी वाढते आणि मूठ परत आत ढकलण्याचा मोह होतो; त्या क्षणी हात आवर, थोड्याच वेळात आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा, वर येईल. इंजिन खरोखरच बंद पडले तर आधी नाक खाली घेऊन ६० नॉटचा वेग धर, मग शेत निवड, मग कारणे शोध आणि उंची शिल्लक असेल तरच रेडिओवर बोल. तुमच्या भागात उसाची उभी शेते हिरवीगार दिसतात, पण ती नकोत. काढणी झालेले सपाट शेत पाहा आणि नांगरट असेल तर सरीच्या दिशेने उतर. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोध. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुरावरून वाऱ्याची दिशा कळते, तीही सतत मनात ठेव.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी परवानगी घेऊन इंजिन बंद असलेल्या विमानात बस आणि डोळे मिटून कार्ब हीट, फ्युएल व्हॉल्व्ह, मास्टर स्विच आणि ब्रेकर यांना एकेक करून हात लाव. हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून कर. उतरल्यावर मला सविस्तर लिही.

तुझा,
अविनाश