नोकरी करून शिकणाऱ्यांना आधी तास सांगा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

"नोकरी सांभाळून पदवी मिळवा" अशा जाहिराती हल्ली सगळीकडे दिसतात. त्यात फी असते, हप्त्याची सोय असते, शेवटची तारीख तर मोठ्या अक्षरात असते, पण आठवड्याला किती तास अभ्यास करावा लागेल हे मला आजवर एकाही जाहिरातीत लिहिलेलं दिसलं नाही. याच एका गोष्टीसाठी हे पत्र लिहितेय.

मी अकाउंट्समध्ये फुल टाइम नोकरी करते आणि दोन वर्षांपासून पार्ट टाइम पदव्युत्तर कोर्स करतेय. अॅडमिशनच्या वेळी मी तिथल्या समुपदेशकांना सरळ विचारलं होतं की रोज किती वेळ काढावा लागेल, तर ते म्हणाले, "मॅडम, रोज तासभर दिलात तरी भरपूर झालं." मी विश्वास ठेवला. पहिल्या सेमिस्टरला रोज तासभर बसले आणि दोन महिन्यांत तीन असाइनमेंट एकदम अंगावर आल्या, वाचन अर्धंही झालेलं नव्हतं, आणि मला वाटायला लागलं की माझ्यातच काहीतरी कमी आहे, बाकीच्यांना जमतंय मग मलाच का नाही. हे वाटणं फार वाईट असतं हो. आमच्या बॅचमधल्या ज्यांनी मध्येच सोडलं त्यातल्या दोघी-तिघींशी बोलले तर त्यांचंही हेच, "आपल्याला झेपलं नाही."

नंतर मी हिशेब मांडला. युरोपातल्या विद्यापीठांत क्रेडिटची जी पद्धत आहे त्यात १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम धरतात, लेक्चर, वाचन, असाइनमेंट, परीक्षेची तयारी सगळं त्यात आलं. पूर्णवेळ शिकणाऱ्याचं वर्ष ६० क्रेडिटचं असतं, म्हणजे १५०० ते १८०० तास. पार्ट टाइमवाल्याने त्याच्या निम्मं उचललं तरी ७५० ते ९०० तास झाले, आणि वर्षाचे ५० आठवडे न चुकता अभ्यास केला तर आठवड्याला १५ ते १८ तास. म्हणजे रोजचे दोन ते अडीच तास, रविवार धरून.

आता आठवड्याचे तास १६८. त्यातून रोज सात तास झोप म्हणजे ४९ गेले, नोकरीचे ४८, जाण्यायेण्याचे १०. उरले ६१. स्वयंपाक, जेवणखाण, अंघोळ, कपडे, घरची कामं यात रोज पाच तास सहज जातात, उरले २६. त्यातले १६ अभ्यासाला दिले की हातात राहतात १० तास, आणि त्या दहा तासांत मुलाचा अभ्यास, कुणाचं आजारपण, नातेवाईक, ऑफिसचं वाढीव काम आणि नुसतं शांत बसणं, सगळं बसवायचं. अशक्य आहे असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः करतेय. पण हे आकडे अॅडमिशनच्या आधी माहीत असते तर मी पहिल्याच सेमिस्टरला एक विषय कमी घेतला असता आणि घरात सगळ्यांना बसवून कुठलं काम कोण करणार हे आधीच ठरवलं असतं. ते आम्ही ठरवलं, पण सहा महिने भांडणं झाल्यावर.

वेळ कमी पडला की आपण सगळ्यात आधी झोपेला कात्री लावतो. मीही लावली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना सलग १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं, तर त्यांचं लक्ष आणि स्मरण इतकं खालावलं की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीला गेलं, आणि त्यांना स्वतःला मात्र ते तेवढं जाणवत नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला माझं एक क्लोजिंग, म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करण्याचं काम, आठवलं. महिनाअखेर होती, रात्री एक वाजेपर्यंत असाइनमेंट लिहून सकाळी ऑफिसला गेले होते आणि एका पार्टीचं पेमेंट दुसऱ्याच पार्टीच्या खात्याला पोस्ट केलं. रक्कम बरोबर होती आणि बाजूही तीच, त्यामुळे ट्रायल बॅलन्स, म्हणजे जमा आणि नावे बाजूंच्या बेरजांचा ताळा, व्यवस्थित जुळत होता, चूक कुठे दिसायचं कारणच नाही. पुढच्या आठवड्यात पार्टीचा फोन आला की आमचे पैसे जमा का नाहीत, तेव्हा सापडली. दहा वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. त्यानंतर ठरवलं की अकरानंतर पुस्तक उघडायचं नाही, मग मार्क कमी पडले तरी चालतील.

अभ्यासाची पद्धतही बदलली. आधी मी सगळं रविवारवर ढकलायचे, सकाळी नऊला बसायचं ते संध्याकाळपर्यंत, आणि बुधवारपर्यंत त्यातलं निम्मं पुसलेलं असायचं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ च्या पुस्तकात स्वतःवरचेच प्रयोग लिहून ठेवलेत, निरर्थक शब्दांची एक यादी एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो फायदा झाला तोच फायदा तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकल्यावर झाला. नोकरी करणाऱ्यासाठी याच्याइतकी कामाची गोष्ट नाही! आता मी सकाळी घर उठायच्या आधी ४० मिनिटं वाचते आणि वाचून झालं की कागदाच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांवर फक्त प्रश्न लिहिते, उत्तरं लिहित नाही. त्या चिठ्ठ्या डब्याच्या पिशवीत असतात. जेवणाच्या सुट्टीत पाच चिठ्ठ्या काढायच्या, मनातल्या मनात उत्तर द्यायचं, जे येत नाही ती चिठ्ठी दुमडून वेगळ्या कप्प्यात. रविवारी फक्त दुमडलेल्या चिठ्ठ्या आणि असाइनमेंट. प्रवासात रेकॉर्डेड लेक्चर ऐकून अभ्यास होतो असं सगळे सांगतात, मला तरी नवीन विषय तसा कधीच समजला नाही, आधी वाचलेल्याची उजळणी मात्र चांगली होते.

पण हे सगळं शिकणाऱ्याच्या बाजूचं झालं. आम्ही चिठ्ठ्या करू, पहाटे उठू, तारखा आमच्या हातात नाहीत. मागच्या वर्षी परीक्षेचं टाइमटेबल पेपर आठ दिवसांवर आले असताना बदललं आणि एक पेपर नेमका महिनाअखेरच्या दिवशी आला. मंजूर झालेली रजा आधीच्या तारखांची होती. साहेबांनी सांगितलं की क्लोजिंगला कुणालाच सोडता येणार नाही, त्यांचंही अगदी चुकलं असं मी म्हणणार नाही, टीम लहान आहे. तो पेपर बुडाला. तयारी पूर्ण होती, आणि पुन्हा द्यायला सहा महिने थांबावं लागलं, परत फी भरून.

नोकरी करून शिकणं काही आजचं नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच कॉलेजात न बसता परीक्षा देऊन पदवी घ्यायची वाट मोकळी केली. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले विद्यार्थी १९७१ च्या जानेवारीत अभ्यासाला लागले तेव्हा त्यांच्यासाठी टीव्ही आणि रेडिओवर नोकरीच्या वेळेबाहेर कार्यक्रम लावले जायचे. नोकरदाराचा दिवस बघून वेळापत्रक ठरवायचं हे तेव्हा सुचलं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ मध्ये पगारी शैक्षणिक रजेचा १४० नंबरचा करारच केलाय, कामाच्या वेळेत, पगार चालू ठेवून शिक्षणासाठी रजा मिळावी म्हणून. आमच्या ऑफिसात ही कल्पना बोलून दाखवली तर लोक माझ्याकडे बघत राहिले.

म्हणून तुमच्या पेपरातून दोनच मागण्या पुढे न्याव्यात ही विनंती. पार्ट टाइम कोर्स चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने फीच्या शेजारीच आठवड्याचे तास छापावेत, विषयवार. आणि परीक्षेची तारीख किमान दोन महिने आधी सांगून मग ती हलवू नये, हलवलीच तर ज्याला जमणार नाही त्याला पुन्हा फी न घेता पेपर देऊ द्यावा. मालकांनी पेपरच्या दिवसांपुरती पगारी रजा द्यावी हीही इच्छा आहे, पण त्याला वेळ लागेल हे कळतं. तास छापायला काहीच लागत नाही.

माझ्या शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. टाइमटेबल अजून आलेलं नाही. रजेचा अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, फक्त तारखेची जागा कोरी आहे.

आपली,
एक नोकरदार विद्यार्थिनी