‘जिजाऊ अशा दिसत नव्हत्या’ : एका शिंप्याचे मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय यांस,

कोल्हापूरहून एका शिंप्याचा सादर नमस्कार, वि. वि. आपल्या खात्याचे नाव मुद्दामच लिहीत नाही. ज्या खात्याच्या दारात जावे तिथे ‘हे आमच्याकडे येत नाही’ असेच ऐकायला मिळते. तेव्हा ज्यांना हे पत्र आपल्यालाच आहे असे वाटेल, त्यांनी ते आपले समजावे.

पत्रास कारण की, यंदाच्या १९ फेब्रुवारीला शिवजयंतीनिमित्त आमच्या भागात मुलांची वेशभूषा स्पर्धा झाली. माझी नात चौथीत आहे. चौथीला इतिहासात महाराजच, त्यामुळे वर्षभर घरात दुसरा विषय नाही. तिला जिजाऊ व्हायचे होते. तिचा आजा ३६ वर्षे नाटक-सिनेमाच्या कपडेपटात, पणजाही त्यातच गेलेला. म्हटले, या पोरीसाठी तरी एकदा मनासारखे करू.

सुती अंगाचे, रेशमी काठाचे इरकली लुगडे आणले. नऊवारी म्हणजे अठरा हात, ते नऊ वर्षांच्या पोरीला कुठे पेलणार? लहान मुलींच्या लुगड्याला पूर्वी चिरडी म्हणत, तेवढ्या मापाचे करून घेतले. गुळेदगुड्डच्या खणाची, पुढे गाठ मारायची चोळी शिवली. हाताने, कारण शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकातले. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते, सून ओरडत होती, तरी आठ रात्री बसलो. कपाळाला चिकटवायची टिकली नाही, खाली मेण लावून वर कुंकू. पदर डोक्यावरून. पिन एकही नाही. सेफ्टी पिन १८४९ सालची, अमेरिकेतली.

परीक्षकबाईंनी नातीला वरून खाली पाहिले आणि माईकवरच म्हणाल्या, ‘बाळा, छान आहेस, पण जिजाऊ अशा दिसत नव्हत्या. राजमाता होत्या त्या. जरा टीव्हीवर बघून यायचे ना.’

पहिला नंबर आला तो राणी कलरच्या सॅटिनच्या शिवलेल्या नऊवारीला. पाठीत चेन, फुग्याच्या बाह्या, कपाळावर राजस्थानी बिंदी. त्या पोरीवर माझा राग नाही. तिने बिचारीने टीव्हीवर बघून केले होते. प्रमाणपत्रावर सही मात्र आपली होती, छापील.

नात रडली नाही. घरी येऊन एवढेच विचारले, ‘आबा, तुम्हाला येत नाही का?’

आता आपल्या आश्वासनाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी एका सत्कार समारंभात ‘पडद्यामागचे कलावंत’ म्हणून आम्हा अकरा जणांना आपण शाल-श्रीफळ दिलेत. तेव्हा मी व्यासपीठावर आपल्या कानाशी दोन वाक्ये बोललो, आणि आपण लगेच माईक हाती घेऊन जाहीर केलेत, की ऐतिहासिक मालिका-चित्रपटांच्या वेशभूषेसाठी जाणकारांची समिती तीन महिन्यांत नेमू. टाळ्या पडल्या. मी वेड्यासारखा घरी जाऊन वह्या काढल्या, वडिलांनी घेतलेली मापे नीट उतरवून काढली. त्या तीन महिन्यांना आता सव्वीस महिने होत आले. चार पत्रे लिहिली. एकाला उत्तर आले, ‘आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आले आहे.’ पुढे म्हणजे कुठे, हे पुढच्यालाच ठाऊक.

साहेब, मुद्दा एका पोरीच्या बक्षिसाचा असता तर मी तिला भेळ खाऊ घालून गप्प बसलो असतो. खोट्याने खऱ्याची जागा घेतली इथवर मी समजू शकत होतो. आता खोटे हेच माप झाले आहे, आणि त्या मापात खरे बसले नाही की ते बाद होते.

उदाहरण म्हणून तो राणी कलरच घ्या. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराच्या हातून प्रयोगात जांभळा रंग निघाला. तिथून रासायनिक रंग सुरू झाले. आपण ज्याला राणी कलर म्हणतो तो भडक मॅजेंटा त्यानंतर तीन वर्षांनी आला. पेशवाई बुडाली १८१८ ला. म्हणजे स्वराज्यातल्या एकाही राणीच्या अंगावर राणी कलर पडलेला नाही. गुलाबी नव्हता असे नाही. कुसुंब्याचा गुलाबी होता आणि काय सुरेख होता, पण तो उन्हाने, धुण्याने उतरतो, आणि त्या उतरण्यातच त्याची शोभा. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा, हळद, पळस, डाळिंबाची साल, लाख. या रंगांचे कापड दिव्याच्या उजेडात बघितले की माणूस बोलायचे थांबतो. आमच्या मालिकांतल्या राण्या मात्र दिवाळीच्या सेलमधून आल्यासारख्या.

एका मालिकेचे ३० भाग मी वही घेऊन पाहिले. पाठीची चेन ४१ वेळा दिसली, एखाददुसरी इकडेतिकडे. त्या काळात हिंदू माणूस जामा-अंगरख्याचे बंद डाव्या बाजूला बांधायचा आणि मुसलमान उजव्या. जुनी चित्रे पाहताना माणूस कोण हे जाणकार त्यावरूनही ओळखतात. आमच्या मालिकेतले निम्मे सरदार उजवीकडे बांधतात, आणि उरलेल्यांचे बंद शोभेचे, आत चिकटपट्टी! मावळ्यांचे तर विचारूच नका. घोंगडी, मुंडासे, गुडघ्यापर्यंतचे धोतर हा गडी कुठे गेला? त्याच्या जागी आला रेक्झिनच्या खांदेकवचातला, मोकळे केस उडवणारा, बोडका कुणीतरी. हा रोमच्या आखाड्यातून वाट चुकून मावळात उतरला असावा. अहो, उघड्या डोक्याने चारचौघांत जाणे त्या काळी अपशकुनाचे. पागोटे गेले म्हणजे अब्रू गेली. आणि इथे अख्खी फौज अब्रू घरी ठेवून लढाईला निघते.

२०२२ च्या डिसेंबरात एका मोठ्या चित्रपटाच्या पहिल्या झलकीत महाराजांच्या मागच्या झुंबरात विजेचे दिवे लागले होते, आठवते? सगळा महाराष्ट्र हसला. दिवा लागला की सगळ्यांना दिसतो. कापड खोटे असले तर कुणाला दिसत नाही, कारण खरे कापड बघितलेली माणसेच सरत चालली.

आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही, हे कबूल करतो. माझ्या वडिलांनी मखमलीवर टिकल्या लावून कितीतरी राजे उभे केले. कृष्णधवल सिनेमात रंगाला कुणी विचारत नव्हते, लुगडे निवडायचे ते पडद्यावर राखाडी किती दिसते यावरून. त्याआधी संगीत नाटकांचे शालू, रविवर्म्याच्या छापील चित्रांतल्या महाराष्ट्री लुगड्यातल्या देव्या. खोटेपणाची परंपराही आपली जुनीच आहे. पण तेव्हा प्रेक्षकाला ठाऊक होते की हे नाटक आहे, कारण घरी त्याची आजी खरे लुगडे नेसून बसलेली असायची. आज घरात कोण आहे? शिवलेली नऊवारी, तीही भाड्याची.

पुरावे नाहीत म्हणता? महाराजांच्या काळातली, नाहीतर त्याला अगदी लागून असलेली चित्रे लंडन, पॅरिस, ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयांत आहेत. पागोटे कसे, जामा कुठवर, कमरेचा शेला कसा, सगळे त्यांत दिसते. पेशव्यांचे दप्तर पुण्यात पडून आहे. जामदारखान्याचे, म्हणजे कपडे-दागिन्यांच्या कोठाराचे हिशेब वाचा, तिवटे, मंदील, शालजोड्या, चंदेरी, किनखाप यांच्या यादीवर यादी. राजा केळकर संग्रहालय आहे, १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी अशी. आपण बराच काळ इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून भिंतीवर लावत होतो. १९३३ साली इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी खरे चित्र पुढे आणले आणि महाराष्ट्राने ते मानले. एका माणसाने केले हे. त्याला समिती लागली नाही, शाल लागली नाही.

‘सेन्सॉर केंद्राचे, मालिका वाहिनीची, आम्ही काय करणार?’ हे आपले उत्तर मी घरबसल्या लिहून देतो. मग २०२५ च्या जानेवारीत एका चित्रपटाच्या झलकीत संभाजी महाराजांना लेझीम खेळताना दाखवले तेव्हा आठवड्याच्या आत ते दृश्य कसे कापले गेले? आवाज उठला, पुढारी बोलले, कात्री चालली. म्हणजे मनात आणले की होते. मराठी चित्रपटांच्या अनुदानात ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ला ३० लाख अशी रक्कम वर्षानुवर्षे ठरलेली, ती काय वाहिनी देते? तो पैसा आमचा आहे. माझ्या सुईचाही त्यात कर आहे. ज्याला पैसे द्यायचे त्याला एवढेच विचारा, बाबा, हा अंगरखा कुठे पाहिलास?

आता माझे स्वतःचे सांगतो, सांगायचे नव्हते. सरकारी पैशातून झालेल्या एका महानाट्यासाठी मी १४० अंगरखे शिवले. सुती कापड, सहा बंद, खाली कळ्यांचा घेर असा नमुना दाखवला. ठेकेदार म्हणाला, ‘मामा, लाइटखाली चमकले पाहिजे. सॅटिन घ्या, चिकटपट्टी लावा, नगाला साडेआठशे.’ आणि मी शिवले. होय, मीच. दिवाळी तोंडावर होती, मुलाचे हप्ते थकले होते. एक लाख एकोणीस हजारांचे बिल, हातात आले चाळीस हजार. ७९ हजार अजून यायचे आहेत. ठेकेदार म्हणतो वरून आले नाहीत, वरचे म्हणतात खाली दिले. रात्री झोप लागत नाही ती पैशांमुळे की त्या सॅटिनमुळे, माझे मलाच समजत नाही. खोटे शिवायचे आणि त्याचेही पैसे मिळायचे नाहीत, हे म्हणजे तेलही गेले, तूपही गेले.

हा सगळा कारभारच सॅटिनचा आहे हो. सर्वांत कमी दराची निविदा, सर्वांत जास्त चमक. मालवणच्या किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये महाराजांचा पुतळा उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, मग आणखी उंच उभारला. अरबी समुद्रातल्या स्मारकाचे जलपूजन २०१६ च्या डिसेंबरात झाले. पाणी अजून तिथेच आहे. लंडनहून वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर आणून साताऱ्यात ठेवलीत, आनंद झाला, मीही रांगेत उभा राहून पाहून आलो. २०२५ च्या जुलैत बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याचेही पेढे वाटले. दगड जपणार, लोखंड जपणार. पण त्या दगडांवर वावरलेल्या माणसांच्या अंगावर काय होते, ते ज्यांनी विणले, रंगवले, शिवले, त्या साळी, रंगारी, शिंपी मंडळींची आठवण राज्याला फक्त मतदानाच्या आधी येते. येवल्याचा विणकर पैठणी सहा-सहा महिने विणतो आणि मालिकेतली राणी यंत्रावरची सुरती नक्कल नेसते. सात लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या राज्याला चार जुन्या अंगरख्यांची मापे काढून, कापणीचे कागद छापून शाळांना आणि कपडेपटवाल्यांना द्यायला किती लागतील? मी हिशेब केला. दोन माणसांचा वर्षाचा पगार, टेप आणि कागद. त्या प्रमाणपत्रांच्या छपाईपेक्षा थोडा जास्त असेल.

मागणी म्हणाल तर तेवढीच. मापे छापा. अनुदान देताना वेशभूषा जाणणारा एक माणूस बसवा, मला नका बसवू, माझे डोळे गेलेत. आणि ते ७९ हजार.

आपण दिलेली शाल या पत्रासोबत स्पीड पोस्टाने परत करतो आहे. रागाने नव्हे. आम्ही शिंपी कापडाची परीक्षा काडीने करतो. सूत जळले की कागदासारखा वास येतो आणि मऊ राख होते, रेशीम जळले की केस जळाल्यासारखा वास येतो, आणि पॉलिस्टर वितळून टणक मणी बनतो. नातीला हे शिकवताना हाताशी दुसरे कापड नव्हते. उजवीकडच्या कोपऱ्याला भोक पडले आहे ते त्याचे. मणी तिने कंपासपेटीत ठेवला आहे, तो मात्र परत मागू नये.

आपला,
कपडेपटातला एक शिंपी
कोल्हापूर