कुंभार गल्लीतल्या मामांना

मामा, नमस्कार.

नाव लिहू नको म्हणालात, म्हणून नुसतं मामा.

ऐन आषाढात, गणपतींचं काम अंगावर असताना, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मी तुमच्यापुढं बोटाएवढा मावळा घेऊन उभा राहिलो. जुलै १६६० मध्ये महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्यावरून निसटले, तो देखावा करतोय. रेझिनचे सहा मावळे, प्रत्येकी ५४ मिलिमीटर. पहिल्याचं नाक आणि मिशी मी रंगाखाली एक करून टाकली होती. तुम्ही तो उलटसुलट फिरवलात आणि म्हणालात, "अरं, रंग लावतोयस का गिलावा करतोयस?"

बाटलीतला ॲक्रेलिक तसाच लावायचा नसतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही फुटक्या फरशीवर थेंबभर रंग घेतलात, वर थेंबभर पाणी. "दुधागत झाला पायजे." ब्रश फडक्याला टेकवून मगच मूर्तीला. पहिल्या हातात खालचा करडा प्रायमर, म्हणजे रंगाआधी मारलेला अस्तराचा थर, डोकावत होता, म्हणून मी लगेच पुन्हा ब्रश बुडवला, तर तुम्ही मनगटच धरलंत. अर्धवट वाळलेल्यावर ब्रश फिरला की खालचा रंग उचलून येतो. माझ्या मावळ्याच्या पाठीवरचे खड्डे त्यातलेच. (प्रायमर खरखरीत बसला होता तो पावसाळी हवेत गच्चीवर स्प्रे मारल्यामुळं. ते खापर माझ्यावरच.)

भगव्यानं मात्र फार छळलं होतं. करड्यावर चार हात दिले तरी फेटा मळकाच. पिवळा, भगवा, लाल हे रंग खालचं लपवत नाहीत, असं सांगून तुम्ही आधी फिकट गुलाबीचा हात दिलात. वर भगव्याचे दोन पातळ हात, आणि फेटा उजळला! अंगरख्यालाही थेट पांढरा नको, आधी फिका राखाडी. आतून बाहेर यायचं: आधी कातडी, मग अंगरखा, मग शेला, म्हणजे बाहेर गेलेला रंग पुढच्या रंगाखाली झाकला जातो.

माझा केसाएवढा ब्रश तर तुम्ही बाजूलाच ठेवलात. त्यात रंगच मावत नाही, टोकावरच वाळतो. त्यापेक्षा टोक शाबूत असलेला दोन नंबरचा बरा. मला पटलं नव्हतं. आता तोच वापरतो.

त्या दिवशी पोरानं आणलेला चहाही तुम्ही मलाच दिलात, आणि मागं मूर्ती रांगेत थांबल्या होत्या. तेव्हा आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

सहाही जणांचे अंगरंग झालेत. डोळे कोरे ठेवलेत, तुम्ही गणपतीची आखणी शेवटी करता तसे. विसर्जन झालं, तुमचे हात मोकळे झाले की घेऊन येतो. एकाचे तुम्ही काढा, उरलेल्यांचे मी बघून काढतो.

तुमचा,
गिलावेवाला