कायद्याची पन्नाशी आणि बीजाची पस्तिशी

महोदय,

चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीखाली) बसलेल्या नव्या सुनेला ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न यंदाही झालाच, वर ‘कुठला तरी नवस राहिला असेल’ अशी कुजबुजही. मी तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे गप्प राहवले नाही.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची स्त्रीबीजे तयार होतात. जन्मावेळी दहा ते वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख, आणि त्यांतली जेमतेम ४००-५०० पिकून बाहेर पडतात. तोवर प्रत्येक बीज पेशीविभाजन अर्ध्यावर थांबवून वर्षानुवर्षे ताटकळते. गुणसूत्रे धरून ठेवणारे कोहेसिन हे प्रथिन या काळात विरत जाते. म्हणून पस्तिशीनंतर गुणसूत्रांच्या वाटणीत चुका वाढतात, गर्भ रुजत नाही किंवा पडतो. गर्भाचे पहिले दोन-तीन दिवस तर बीजातल्या शिदोरीवरच निघतात. यात नवस राहिल्याचा काय संबंध? (आणि सुनेच्या नवऱ्याची तपासणी कोणी केली होती का, हे विचारताच पंगतीत शांतता पसरली.)

२०२१ च्या कायद्याने कृत्रिम गर्भधारणेसाठी स्त्रीची वयोमर्यादा ५० ठेवली आहे. तिचा अर्थ ‘अजून वेळ आहे’ असा लावणारे सुशिक्षितही मला भेटतात. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) २०२३ पासून आयव्हीएफ, म्हणजे प्रयोगशाळेत बीज फलित करून गर्भ रुजवण्याचा उपचार, मोफत आहे, ही मोठीच सोय. पण तिथे पोहोचायला उशीर होऊ नये म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सत्तरी, काणकोण या तालुक्यांतल्या पंचायतींत येऊन बोलावे. सासवांनाही बोलवावे.

— एक निवृत्त शिक्षिका, फोंडा