इशारा द्याच, पण नंतरची नोंदही दाखवा

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पायाभूत सुविधांवरील सायबर हल्ल्यांचे सरकारी इशारे आणि त्यांवर न बसणारा लोकांचा विश्वास

माननीय महोदय,

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील वीज उपकेंद्रांत ३१ वर्षे यंत्रचालक म्हणून पाळ्या करून मी निवृत्त झालो आणि आता सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर राहतो. वीज, पाणी, बँका यांवर सायबर हल्ला होण्याची शक्यता आहे, नागरिकांनी सावध राहावे, असे आवाहन सरकारकडून आले की आमच्या सकाळच्या कट्ट्यावर त्याची काय संभावना होते, हे आपल्या कानावर घालण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एक जण म्हणतो, आता नवे मीटर गळ्यात मारणार. दुसरा म्हणतो, काहीतरी झाकायचे असेल. तिसरा एरवी सरकारची बाजू हिरिरीने मांडतो, पण या विषयावर तोही नुसता हसतो आणि चहा सांगतो. यांत एक निवृत्त प्राध्यापक आहेत, एक हळदीचे अडते आहेत, एक औषधविक्रेते आहेत. ही माणसे अडाणी नाहीत.

धोका खोटा आहे, असे मला स्वतःला मुळीच वाटत नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसांसमोर पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला, वीज जोडणारा-तोडणारा एकेक ब्रेकर उघडत, म्हणजे वीज तोडत गेला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन थंडीत अंधारात गेले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी गाड्या काढून उपकेंद्रे गाठली, हाताने ब्रेकर लावले आणि काही तासांत वीज परत आणली. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण दूरनियंत्रण आल्यावर रात्रपाळीला माणूस हवाच कशाला, हा प्रश्न आम्हालाही नोकरीत अनेकदा ऐकावा लागला होता. आपल्याकडे पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे संगणक बंद पडून केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. तेव्हा सायबर हल्ला हे थोतांड आहे, असे कट्ट्यावर कोणी म्हणाले की मी भांडतो. मात्र भांडताना हातात दाखवायला सरकारी कागद एकही नसतो, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ घ्या. दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा कोलमडला, लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. आम्ही निवृत्त मंडळी त्या दिवशी सांगलीत बसून फोनवर मुंबईला वीज नेणाऱ्या कळवा-पडघ्याच्या ४०० केव्ही (उच्च दाबाच्या) वाहिन्यांचीच चर्चा करीत होतो. पुढे मार्च २०२१ च्या तोंडावर अमेरिकेतील एका दैनिकाने या घटनेच्या संदर्भात चीनशी संबंध असलेल्या गटाची बातमी दिली. १ मार्चला राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली. लगेच दुसऱ्या दिवशी तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती मानवी चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही, असे सांगितले. उत्तर आणि दक्षिण विभागांच्या भार प्रेषण केंद्रांवर (कुठे किती वीज पाठवायची ते ठरवणाऱ्या केंद्रांवर) हल्ले झाले, पण ते प्रत्यक्ष यंत्रणेपर्यंत पोहोचू शकले नाहीत, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. दोघेही मंत्री, दोघांसमोरही अहवाल, आणि घटना एकच. राज्यात आणि केंद्रात तेव्हा वेगवेगळ्या पक्षांची सरकारे होती, एवढेच लोकांनी ध्यानात ठेवले आणि ज्याने त्याने आपापल्या पक्षाचे कारण उचलले.

उपकेंद्रात आम्हाला ही चैन नव्हती. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, ट्रिप होऊन आपोआप बंद पडला की लॉगशीटवर वेळ लिहायची, कोणत्या रिलेचा (बिघाड ओळखणाऱ्या उपकरणाचा) फ्लॅग पडला ते लिहायचे, पुरवठा किती वाजता पूर्ववत झाला ते लिहायचे, आणि शेवटच्या रकान्यात कारण. फडातले पाचट पेटवले आणि जाळ तारांपर्यंत गेला, पतंगाचा मांजा अडकला, खांबावर साप चढला, अशी कारणे तिथे असत. खरे सांगायचे तर काहीच सापडले नाही की आम्ही तिथे ‘ट्रान्झियंट फॉल्ट’, म्हणजे क्षणिक बिघाड, असे लिहून मोकळे होत असू. एकदा लिहिले तर खपून जाई. त्याच फीडरवर आठवड्यात दुसऱ्यांदा लिहिले की आमचे कार्यकारी अभियंता त्या दोन शब्दांखाली लाल रेघ ओढीत आणि लाईन पायी फिरून येण्याचा हुकूम सोडीत. सरकारच्या तोंडी ‘सायबर हल्ला’ हे शब्द हल्ली मला आमच्या त्या ‘ट्रान्झियंट’सारखे ऐकू येतात, आणि लाल रेघ ओढणारे कोणी दिसत नाही.

कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या बाबतीत तर अवघ्या एका दिवसात कारण बदलले. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी अणुवीज केंद्राकडून सांगण्यात आले की नियंत्रण यंत्रणा बाहेरच्या जाळ्याला जोडलेलीच नाही, त्यामुळे असा हल्ला शक्य नाही. ३० ऑक्टोबरला अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले की प्रशासकीय कामाच्या एका संगणकात घातक प्रणाली सापडली होती आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने ती बाब ४ सप्टेंबरलाच कळवली होती. दोन्ही वाक्ये तांत्रिकदृष्ट्या खरी असू शकतात. अणुभट्टीला धक्का लागला नव्हता, हेही खरे. पण दुसरे वाक्य पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर पहिल्यावर लोकांनी विश्वास ठेवला असता.

आता मे २०२५ कडे येतो. पाकिस्तानशी संघर्ष पेटला त्या आठवड्यात एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, असा निरोप मोबाईलवर फिरू लागला. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे जाहीर केले, पण खुलासा आमच्या गल्लीत पोहोचेपर्यंत कोपऱ्यावरच्या एटीएमसमोर रांग लागली होती. शेजारच्या काकू पेन्शन काढायला हातात छत्री घेऊन उन्हात उभ्या होत्या. अकराच्या सुमारास यंत्रातली रोकड संपली, रखवालदाराने शटर अर्धे ओढले आणि रांगेतून आवाज आला, “बघा, मी सांगत नव्हतो?” ज्या लोकांना सरकारचा खरा इशारा पटत नाही, तेच लोक खोट्या निरोपावर उन्हात उभे राहिले, आणि त्यांच्याच रांगेने तो निरोप खरा करून दाखवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत राज्याच्या सायबर विभागाने जाहीर केले की देशातील महत्त्वाच्या यंत्रणांवर १५ लाखांहून अधिक सायबर हल्ले झाले आणि त्यांतले केवळ १५० यशस्वी ठरले. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत अर्थातच १५ लाख आले. महोदय, उपकेंद्रात लाइटनिंग अरेस्टरला एक काउंटर असतो. वीज कडाडून लाईनवर दाबाची लाट आली आणि अरेस्टरने ती जमिनीत सोडली की काउंटर एका आकड्याने पुढे सरकतो. तो आकडा आम्ही नेमाने टिपून ठेवत असू, पण प्रत्येक आकड्याला उपकेंद्र बंद पडले, असे कोणी म्हणत नसे. १५ लाख हा मला तसल्या काउंटरचा आकडा वाटतो. लोकांना हवी होती ती १५० ची हकिगत : संकेतस्थळाचे नुसते पहिले पान बिघडवले की कोणाची माहिती गेली, कुठल्या नगरपालिकेचे पाणी अडले की काहीच अडले नाही, आणि दुरुस्ती झाली का.

उलट बाजूनेही हेच होते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे संगणक अडवून खंडणी मागणारा, हल्ला झाला आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे किरकोळ व्यवहार खबरदारी म्हणून तोडावे लागले. सहकारी बँका आणि पतसंस्थांवर ज्यांचा प्रपंच चालतो, त्या आमच्या जिल्ह्यासाठी ही फार मोठी बातमी होती. पण आमच्याकडे यंत्रणा कशानेही बंद असली तरी खिडकीवर एकच कागद चिकटवलेला असतो : ‘सर्व्हर डाऊन’. पावसाने केबल तुटली तरी तोच, हल्ला झाला तरी तोच.

आपल्या मनात येईल की सांगलीकरांचा स्वभावच इशारे न मानण्याचा असावा. एकेकाळी होता, आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढत असताना आमच्या वाड्यातील वडीलधारी मंडळी सांगत राहिली की २००५ साली पाणी पायरीपर्यंतच आले होते, यंदाही त्यापुढे येणार नाही. कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली आणि माझ्या घरातली देवळी बुडाली. आता कोणाला सांगावे लागत नाही. कोयनेच्या पायथा वीजगृहातून किती क्युसेक सोडले, दरवाजे किती फुटांवर आहेत, आयर्विनला पातळी किती, हे शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी, आणि कुठल्या फुटाला कुठल्या गल्लीने सामान हलवायचे, हे ठरलेले असते. मुख्य म्हणजे सरकारने सांगितलेला आकडा आम्ही पुलावर जाऊन स्वतः वाचू शकतो. सायबर इशाऱ्याला अशी मोजपट्टीच नाही. ‘सावध राहा’ म्हणजे काकूंनी रोकड काढायची की काढायची नाही, पाणी भरून ठेवायचे की नाही, आणि हे किती दिवस?

काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, हे मला कळते. कोणत्या वाटेने चोर आत शिरला, हे त्याच दिवशी चव्हाट्यावर सांगू नये. परंतु केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत घालून त्या कायद्याच्या कक्षेतून जवळजवळ बाहेर काढले. दुसरीकडे एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना सायबर घटना सहा तासांच्या आत याच यंत्रणेला कळवावी लागते. म्हणजे माहिती वर जाण्यास सहा तासांची मुदत आहे आणि खाली येण्यास कोणतीच नाही. केंद्राचा निर्णय आपल्या हातात नसला तरी राज्याचा सायबर विभाग आपल्या अखत्यारीत आहे.

म्हणून विनंती अशी, की राज्याकडून यापुढे निघणाऱ्या प्रत्येक सायबर इशाऱ्याला पुराच्या पातळीसारखी पायरी असावी आणि त्या पायरीला सामान्य माणसाने काय करायचे व काय करायचे नाही, हे साध्या मराठीत लिहिलेले असावे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. पुराच्या पातळीप्रमाणे हा इशाराही त्यांच्याच तोंडून, त्याच वाटेने आमच्यापर्यंत यावा, म्हणजे खोट्या निरोपाला तोंड द्यायला गावात एक ओळखीचा आवाज राहील. इशारा मागे घेतल्यावर, तपासाला लागेल तेवढा अवधी घेऊन, एक पानाची नोंद प्रसिद्ध व्हावी : काय घडले, किती वाजता, कशामुळे, पूर्ववत कधी झाले. हल्ला नव्हता, आपल्याच माणसाची चूक होती, असे निघाले तर तेही त्याच पानावर लिहावे. केंद्राचे मत वेगळे असेल तर दोन्ही मते कारणांसह शेजारी छापावीत. आम्ही वाचून घेऊ.

सुरुवात १२ ऑक्टोबर २०२० पासून करता येईल. त्या दिवसाची नोंद माझ्यासारख्या जुन्या यंत्रचालकाला समजेल अशा भाषेत, कारणाचा रकाना भरून, आपल्या विभागाने प्रसिद्ध केली, तर मी तिची प्रत कट्ट्यावर स्वतः वाचून दाखवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उपकेंद्र यंत्रचालक,
गावभाग, सांगली